बिडी का विझते आणि सवय का विझत नाही?

देवगडच्या बंदरावर, जामसंड्याच्या बाजारात किंवा आंब्याच्या बागेत कोणी बिडी ओढत बसलेला दिसला, तर थोडा वेळ लांबूनच निरीक्षण करा. चार झुरके घेऊन तो बोलण्यात गुंतला की बिडी विझते. मग पुन्हा काडी ओढावी लागते. सिगारेटचे तसे नाही. ती बोटांत नुसती धरून ठेवली तरी शेवटपर्यंत जळत जाते. हा फरक कशामुळे पडतो?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो, की थोडे भौतिकशास्त्र, थोडे रसायनशास्त्र, थोडे शरीरशास्त्र आणि थोडे अंकगणित एकत्र येते. शिवाय एक जुना गैरसमजही दूर होतो. आमच्याकडे तो असा बोलला जातो : "बिडयेन काय होतला?" बिडी एवढीशी असते, तिच्यात तंबाखू चिमूटभर, वर कागदाऐवजी झाडाचे पान, आणि ती सारखी विझते; तेव्हा सिगारेटपेक्षा ती बरी, असे पुष्कळांना मनापासून वाटते. हे खरे आहे का, ते आता क्रमाने पाहू.

पानाची करामत

बिडीचे पान टेंभुर्णीचे असते. विदर्भात या झाडाला तेंदू म्हणतात आणि तेथील जंगलांतून उन्हाळ्यात ही पाने गोळा करतात. क्वचित आपट्याचे पानही वापरले जाते. पानाच्या तुकड्यात तंबाखूचा चुरा भरून त्याची सुरळी करतात आणि ती दोऱ्याने बांधतात. एका बिडीत तंबाखू भरते साधारण पाव ग्रॅम. सिगारेटमध्ये ती याच्या तीन-चारपट असते.

आता ज्वलनाचा नियम आठवा. जळण्यासाठी इंधन, ऑक्सिजन आणि पुरेसे तापमान या तिन्ही गोष्टी लागतात. सिगारेटच्या कागदाला अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि तो सावकाश जळत राहावा म्हणून त्यात काही क्षारही मिसळलेले असतात. त्यामुळे कोणी झुरका घेतला नाही तरी कागदातून हवा आत जाते आणि विस्तव टिकून राहतो. टेंभुर्णीचे पान मात्र दाट असते. हवेला ते सहज वाट देत नाही. ओढणाऱ्याने स्वतः हवा आत खेचली तरच निखाऱ्याला ऑक्सिजन मिळतो. ती खेचली नाही, तर निखारा गुदमरतो आणि बिडी विझते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बिडी पेटती ठेवायची तर माणसाला अधिक वेळा आणि अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात. लोहाराच्या भात्याचे काम येथे त्याच्या फुप्फुसांना करावे लागते. जो गुण पाहून बिडी दुबळी वाटते, तोच गुण तिचा धूर छातीत खोलवर ओढायला लावतो. भरीला, बिडीच्या तंबाखूत ग्रॅममागे निकोटिनचे प्रमाण सिगारेटच्या तंबाखूपेक्षा सहसा जास्त असते, आणि टोकाला गाळणीही नसते.

अपुरे ज्वलन

पावसाळ्यात ओली लाकडे चुलीत घातली की घर धुराने भरते, हे तुम्ही पाहिले आहे. ज्वाळा चांगली असली की धूर कमी, आणि ज्वाळा कोंडली की धूर फार. बिडीचे टोक हे असेच कोंडलेल्या चुलीसारखे आहे. झुरका घेताना निखाऱ्याचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. निखाऱ्याच्या लगेच मागच्या भागात मात्र उष्णता भरपूर असली तरी ऑक्सिजन फारसा उरलेला नसतो. तेथे तंबाखू जळत नाही. कोळशाच्या भट्टीत लाकूड भाजून निघते तशी ती भाजून निघते. तिच्यातील मोठ्या रेणूंचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांतून नवे पदार्थ बनतात आणि ते झुरक्याबरोबर पुढे जातात. तंबाखूच्या धुरात अशी सुमारे सात हजार रसायने ओळखली गेली आहेत. त्यांपैकी निदान सत्तर कर्करोग उत्पन्न करू शकतात.

१९७४ साली बिडीच्या धुराचे पृथक्करण करून त्याची तुलना अमेरिकन सिगारेटच्या धुराशी करण्यात आली. या कामात मुंबईचे शास्त्रज्ञ डॉ. एल. डी. संघवी यांचा सहभाग होता. बिडीतली तंबाखू कितीतरी कमी असूनही तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त आढळली. "चिमूटभर तंबाखू" हा युक्तिवाद येथेच ढासळतो. तंबाखू किती आहे यापेक्षा ती कशी जळते, याला महत्त्व अधिक आहे.

निळा धूर आणि पांढरा धूर

आता एक गंमत पाहा. जळत्या टोकावरून वर जाणारा धूर निळसर दिसतो, तर तोच धूर तोंडातून बाहेर पडताना पांढुरका दिसतो. हा फरक कणांच्या आकारामुळे पडतो. टोकावरच्या धुराचे कण फार बारीक असतात, आणि बारीक कण निळ्या प्रकाशाचे विकिरण तांबड्यापेक्षा पुष्कळ अधिक करतात. आकाश निळे दिसते ते याच तत्त्वामुळे, फक्त तेथे हे काम हवेतले रेणू करतात. छातीतल्या दमट हवेत जाऊन आलेल्या कणांवर पाणी बसते. ते फुगतात आणि मग सर्वच रंगांचे सारखे विकिरण करतात. म्हणून बाहेर येणारा धूर ढगासारखा पांढरा दिसतो.

धूर छातीत किती आतवर जाऊन आला, याची ही डोळ्यांना दिसणारी खूण आहे. धुराचे कण बहुतेक एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस याच्या पन्नास ते शंभरपट जाड असतो. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट पदार्थ धुळीचे मोठे कण अडवतात, पण इतके बारीक कण त्यांच्या हातून निसटतात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपल्या फुप्फुसांत असे कोट्यवधी वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले, तर बॅडमिंटनचे जवळजवळ एक मैदान झाकले जाईल. एवढ्या पातळ आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर रोज चिकट डांबराचे शिंतोडे उडवण्याचा हा उद्योग आहे. आणि तो निळा धूर? तो खोलीत पसरतो आणि कधीही बिडी न ओढलेली घरातली मुले व बायका तो श्वासाबरोबर आत घेतात.

रक्तातली जागा बळकावणारा वायू

अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, पण कार्बन मोनॉक्साइडशी त्याचे आकर्षण ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आहे. एसटीत आपण पिशवी ठेवून जागा धरतो, तशी हा वायू हिमोग्लोबिनवरील जागा धरून बसतो आणि ऑक्सिजनला उभे राहावे लागते. भरपूर बिड्या ओढणाऱ्याच्या रक्तातील आठ टक्क्यांपर्यंत हिमोग्लोबिन अशा रीतीने अडून राहू शकते. बोटीवर जाळे ओढणाऱ्या किंवा चढणीवर आंब्याची पेटी वाहणाऱ्या माणसाच्या हृदयाला ही तूट जलद धडधडून भरून काढावी लागते.

पण यात एक समाधानाची गोष्टही आहे. हा वायू रक्तातून निघून जातो. त्याचे अर्धायुष्य चार-पाच तासांचे असते, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचे प्रमाण निम्मे होते. आठ टक्के असेल तर चार-पाच तासांनी चार, आणखी तेवढ्याच वेळाने दोन. बिडी सोडल्यापासून एक-दोन दिवसांत रक्ताची ही बाजू सर्वसाधारण माणसासारखी होते.

मुंबईतील पुरावा

प्रयोगशाळेतल्या धुरावरून शंका घेता येते; सिद्ध करण्यासाठी मात्र माणसांचा हिशेब ठेवावा लागतो. तंबाखू आणि कर्करोग यांच्या संबंधाबाबत असा हिशेब भारतात फार पूर्वी सुरू झाला आणि तोही आपल्या मुंबईत. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील रोगविकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाची आठवण करून देणारे त्यांचे आडनाव आपल्या जिल्ह्याला परके वाटणार नाही. कर्करोगाचे रुग्ण आणि इतर लोक यांच्या सवयींची तुलना केल्यावर तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या, तर बिडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशात होणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांना आढळले.

पुढचा प्रश्न असा की बिडीने एकूण आयुष्यावर काय परिणाम होतो? हे पाहण्यासाठी त्या वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ ते १९९४ या काळात एक मोठे काम हाती घेतले. त्यांनी मुंबईच्या मतदार याद्या घेतल्या. यादीत नाव, वय आणि पत्ता असतो, म्हणून तोच माणूस काही वर्षांनी पुन्हा शोधता येतो. पस्तीस आणि त्यापुढच्या वयाच्या ९९,५७० माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या तंबाखूच्या सवयी नोंदवण्यात आल्या. श्रीमंत वस्तीच्या इमारती या पाहणीतून वगळल्या होत्या. मुंबईच्या ज्या चाळी-वस्त्यांत कोकणचे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, तशाच वस्त्यांची ही माणसे. साधारण साडेपाच वर्षांनी कार्यकर्ते त्याच दारांत पुन्हा गेले आणि कोण हयात आहे, कोण गेले, याची नोंद केली.

२००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुरुषांपुरता असा सांगता येईल. तंबाखू न वापरणाऱ्या एका गटात ठराविक काळात १०० मृत्यू झाले असे समजा. त्याच वयाच्या आणि तेवढ्याच मोठ्या सिगारेट ओढणाऱ्या गटात १३७ मृत्यू होतात. बिडी ओढणाऱ्या गटात मात्र १६४ होतात. दिवसाच्या बिड्या वाढल्या की हा आकडाही वाढतो.

येथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील, "सर, बिडी ओढणारे बहुधा गरीब असतात. मग हे मृत्यू गरिबीमुळे कशावरून नसतील?" शंका अगदी योग्य आहे. म्हणूनच संशोधकांनी वय आणि शिक्षण यांचा परिणाम गणिताने वेगळा काढूनच ही तुलना केली होती. दुसरे असे की अशीच दिशा इतर ठिकाणच्या अभ्यासांतही दिसते. चेन्नईत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण येण्याचे प्रमाण सुमारे चौपट आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषांच्या आयुष्याची सरासरी सहा वर्षे आणि स्त्रियांची आठ वर्षे कमी होतात. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची दहा.

हे आकडे मुंबईच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत, हे तुमच्या ध्यानात आले असेल. एका अभ्यासात बिडी पुढे, तर दुसऱ्यात सिगारेट. कारण माणसे, वस्त्या आणि मोजण्याची रीत वेगळी. पण दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. बिडी निरुपद्रवी असल्याचा पुरावा कोठेही सापडत नाही.

सवय का विझत नाही?

झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि थोडा वेळ बरे वाटते. शरीरातील निकोटिनचे अर्धायुष्य सुमारे दोन तासांचे असते. आता हिशेब करा. रात्री दहाला शेवटची बिडी ओढली तर सकाळी सहापर्यंत आठ तास, म्हणजे चार अर्धायुष्ये जातात. निकोटिन उरते सोळावा हिस्सा. पहाटे चहाबरोबरच्या पहिल्या बिडीची ओढ सर्वांत जास्त का असते, याचे उत्तर या सोळाव्या हिश्शात आहे.

चोवीस तासांत बारा अर्धायुष्ये होतात, म्हणजे निकोटिन जवळजवळ नाहीसे होते. मग दुसऱ्या दिवशी सवय सुटायला हवी. ती का सुटत नाही? कारण इतक्या वर्षांत मेंदूने स्वतःची रचना बदललेली असते. निकोटिन ज्या ग्राहकांवर जाऊन बसते, त्यांची संख्या मेंदूत वाढलेली असते. पाहुणे येईनासे झाले तरी मांडलेले पाट तसेच राहतात. ते उचलले जायला काही आठवडे लागतात. तोवर चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, लक्ष लागत नाही, भूक वाढते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

घर्षणाच्या धड्यात आपण शिकलो की जड पेटी हलवताना पहिला धक्का सर्वांत जोराचा द्यावा लागतो. एकदा ती सरकू लागली की कमी बळ पुरते. बिडी सोडण्याचेही तसेच आहे. पहिले तीन दिवस हा तो पहिला धक्का आहे, हे आधीच ठाऊक असलेला माणूस त्या दिवसांत कमी डगमगतो.

सोडायची कशी?

१. दिवस ठरवा. दोन आठवड्यांच्या आतला एक दिवस निवडून घरच्यांना सांगावा. त्या दिवशी घरातली बंडले आणि लायटर टाकून द्यावेत. "उद्यापासून कमी करतो" यापेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम थांबणे बहुतेकांना अधिक साधते.

२. वेळा ओळखा. चहा, जेवणानंतरची वेळ, बोटीवरचा रिकामा वेळ, मित्रांचा अड्डा. प्रत्येक वेळेसाठी दुसरे काही योजून ठेवावे. चहाची जागा बदलावी, जेवणानंतर चार पावले चालावे, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवावी. सुपारीकडे मात्र वळू नये. तीही कर्करोगकारक आहे.

३. ओढीची लाट ओसरू द्या. बिडीची तीव्र इच्छा बहुधा पाच-दहा मिनिटांत मावळते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, हाताला काम द्यावे.

४. मदत घ्या. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे. तिचा विनाशुल्क क्रमांक १८००-११२-३५६. निकोटिनची चघळण्याची गोळी किंवा चिकटपट्टी वापरली, तर यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. ती, तसेच इतर औषधे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

५. घसरलात तर पुन्हा उठा. पुष्कळांना दोन-चार प्रयत्नांनंतर यश येते. एक बिडी ओढली म्हणून सारे वाया गेले असे नाही. ती कोणत्या वेळी ओढली गेली, तेवढे लक्षात ठेवावे.

"आता या वयात सोडून काय उपयोग?" असे आजोबा म्हणाले, तर त्यांना एक आकडा सांगा. ब्रिटनमधील सुमारे चौतीस हजार डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे लक्ष ठेवण्यात आले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे तीन वर्षे परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ दहाच्या दहा. उपदेश केलेला वडीलधाऱ्यांना आवडत नाही. पण नातवाने हिशेब मांडून दाखवला तर ते ऐकतात.

बिडी सुटली, मशेरी राहिली?

एक सावधगिरीची सूचना. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शेकडा ३.८ होते, तर धूर न काढता तंबाखू वापरणारे शेकडा २४.४. त्यात तंबाखू-चुना आहे आणि कोकणातल्या बायकांची मशेरीही आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईच्या त्याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्या व मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या गटात १०० च्या जागी १२५ मृत्यू आढळले. धूर नाही म्हणून धोका नाही, असे समजण्याचे कारण नाही. बिडी सोडून तंबाखू मळू लागलेल्या माणसाने फक्त दार बदललेले असते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी बिडीला हात लावलेला नसेल. त्यांचे काम सर्वांत सोपे आहे. ज्या मेंदूत ते जास्तीचे ग्राहक तयारच झाले नाहीत, त्याला ते कमी करण्याचा त्रास पडत नाही. म्हणून मित्राने पुढे केलेली पहिली बिडी नाकारण्याला सर्वांत कमी बळ लागते.

करून पाहा

(शिक्षकांच्या देखरेखीखाली, उघड्या जागेत.) एक उदबत्ती पेटवा आणि तिचा धूर काळ्या फळ्यासमोर पाहा. नंतर तोच धूर उजेडाच्या खिडकीकडे तोंड करून पाहा. रंगात फरक दिसतो का? तो का पडतो? मग नारळाचे ओले सोडण धुमसवून त्याच्या धुरावर पाच मिनिटे उलटे नरसाळे धरा आणि नरसाळ्याच्या नळीत स्वच्छ कापूस ठेवा. कापसाचा रंग आणि चिकटपणा वहीत नोंदवा. या प्रयोगासाठी बिडी वापरू नये.

विचार करा

१. एकाच्या रक्तातील ६ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडले आहे. अर्धायुष्य ४ तास धरल्यास १२ तासांनंतर किती टक्के अडलेले राहील?

२. दिवसाला २० बिड्या, प्रत्येकीला १५ झुरके असे मानले, तर वर्षाला किती झुरके होतील?

३. मुंबईच्या पाहणीत संशोधकांनी शाळांच्या किंवा रुग्णालयांच्या याद्यांऐवजी मतदार याद्या का निवडल्या असतील? दोन कारणे लिहा.